सात चमचे मीठ

नळ काल येऊन गेला, आता थेट सोमवारी.
म्हणून हारिकाला म्हटलं, पाणी पाऊण ग्लासच घे,
आणि अंडं फोडलंस तर बघ, सात रुपयाचं आहे.

अशोक चौकाच्या मागं आमची खोली.
दारात मी, मांडीवर सूप,
पानं कापून झालेली, तंबाखू भिजवलेला,
हजारातल्या साडेतीनशे विड्या वळायच्या बाकी.

अंडं बुडालं. तळाला टक् वाजलं.
"ताजं आहे," मी म्हटलं,
"नासकं असतं तर वर आलं असतं."
एवढं शास्त्र मलाही येतं,
दुकानदारानं दोनदा फसवलंय.

"थांब की अम्मा."
तिनं उप्पुचा डबा काढला.
एक चमचा. ढवळलं. काही नाही.
दुसरा. तिसरा.
चौथ्याला मी ओरडले, अगं महिन्याचं मीठ ते!
पाचव्याला माझेही हात थांबले,
दोरा अर्ध्या विडीवर तसाच.

सहाव्याला अंड्याचं एक टोक उचललं,
झोपेत कुणी कूस बदलावी तसं.
सातव्याला ते निघालं.
सावकाश, कुणाला न विचारता,
आणि वर येऊन डोकं बाहेर काढून राहिलं.

"नासलं का गं?"
"अंडं तेच आहे अम्मा. पाणी बदललं."

हत्तुरे बाईंनी शब्द दिलाय, घनता.
तेलुगूत काय म्हणायचं, मी विचारलं.
तिला येईना, मला कुठून येणार.
आमच्यात मीठ उप्पु, अंडं गुड्डु, पाणी नीळ्ळु,
पण शाळेतले शब्द घरात येत नाहीत,
चपलांसारखे उंबऱ्याबाहेर राहतात.

मग तिनं माझ्या सुपातल्या दोन विड्या उचलल्या,
एक सैल, एक गच्च.
"पान तेवढंच. लांबी तेवढीच.
हिच्यात तंबाखू जास्त."

एवढंच होय!
एकोणीस वर्षं माझ्या बोटांना माहीत आहे हे.
त्याला नाव असतं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

तिचा बाप रंगखात्यातून आला, कोपरापर्यंत निळा.
ग्लासाकडं बघून म्हणाला,
"आमच्याकडं पोत्यानं ओततात मीठ,
त्याशिवाय सूत रंग धरत नाही.
त्या हौदात माणूससुद्धा तरंगेल."
"तरंगेल," हारिका म्हणाली, अजिबात न हसता.
तो हसायचा थांबला
आणि हात धुवायला गेला. दोन तांबे लागले. मी काही बोलले नाही.

जेवायच्या आधी तिनं अजून अर्धी वाटी पाणी मागितलं.
चमच्याच्या पाठीवरून, थेंब थेंब,
वर गोडं पाणी सोडलं, खाली खारं तसंच.
अंडं मधेच अडकलं,
वरही जाईना, खालीही जाईना.
तेवढ्यात वीज गेली. शेजारचे माग थांबले.
मोबाईलच्या उजेडात आम्ही तिघं
एका ग्लासाभोवती डोकी घालून बसलो,
आणि पंखा नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

पाणी फेकायचा प्रश्नच नव्हता.
त्यातच अंडं उकडलं,
विडीच्या दोऱ्यानं कापून तीन भाग केले,
मधला तिला.
उरलेल्या पाण्यात नवा लाल टॉवेल भिजवला, रंग जाऊ नये म्हणून.
वहीत तिनं लिहिलं, साहित्य: अंडे, ग्लास, पाणी, मीठ.
दोरा लिहिला नाही. असू दे.

सकाळी ब्रँचवर रांगेत माझा नंबर आला.
चेकरनं कट्टा उचलला, अंगठ्यानं दाबला,
चार विड्या छाटात टाकल्या.
"सैल आहेत."

"घनता कमी?" मी विचारलं.

त्यानं पहिल्यांदाच मान वर करून
माझ्याकडं बघितलं.
मागं नागमणी फिसकन हसली.
तिला काय कळलं, काय की.